लहरी जनतेच्या, किल्ल्या सरकारच्या

अहिल्यानगर शहराच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, उत्तरेस मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली सावेडी ही प्रामुख्याने पगारदारांची वस्ती आहे. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग ही नावे उच्चारली, की प्राध्यापक आणि शिक्षक, बँकांतील व कचेऱ्यांतील कारकून, निवृत्तिवेतनावर संसार चालविणारी वृद्ध जोडपी आणि खोल्या घेऊन शिकणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे उभे राहतात. अशा घरांतील जमाखर्चाच्या वहीत पूर्वी दूध, वाणसामान, वीज आणि शाळेची फी एवढी ठळक कलमे असत. आता त्यांत आणखी दोन कलमे कायमची येऊन बसली आहेत : मोबाइलचा रिचार्ज आणि केबलची वर्गणी. घरात माणसे चार असली तर रिचार्जही चार. ही कलमे आता चैनीची राहिलेली नाहीत. शाळेचा निरोप, बँकेचा ओटीपी, परीक्षेचा अर्ज आणि गॅसची नोंदणी हे सारे त्याच यंत्राच्या वाटेने जाते.

या दोन कलमांवर देखरेख कोणाची, असा प्रश्न केला तर सुशिक्षित गृहस्थही क्षणभर गोंधळतो. विजेचा दर वाढावयाचा असला म्हणजे राज्य वीज नियामक आयोगापुढे सुनावणी होते, हे त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते. रिचार्जच्या बाबतीत मात्र तो एवढेच जाणतो, की ‘महिन्याचा’ म्हणून घेतलेला रिचार्ज अठ्ठाविसाव्या दिवशी संपतो. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. पगार वर्षातून बारा वेळा आणि खर्च तेरा वेळा, हे गणित कारकुनाला कोणी शिकवावे लागत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची निदान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी निदान एक योजना ठेवलीच पाहिजे, असे बंधन घातले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेने, ज्यांना इंटरनेट नकोच आहे त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि संदेश एवढ्यापुरती स्वतंत्र योजना देण्याचा आदेश दिला. सावेडीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाला, जो फोनचा उपयोग फक्त पुण्याच्या मुलीशी बोलण्यासाठी करतो, या आदेशाचा अर्थ दिल्लीतील कोणत्याही धोरणात्मक भाषणापेक्षा अधिक कळतो.

नियामक संस्था म्हणजे काय, हे इतक्या साध्या गोष्टीतून समजते. बाजारात ग्राहक एकेकटा असतो आणि कंपन्या मोजक्या असतात. अशा वेळी तराजू सरळ धरणारा तिसरा हात लागतो. हा हात कंपनीचा नसावा हे सर्वांना पटते. तो सरकारचाही नसावा, हे मात्र आपल्याकडे अजून पुरते पटलेले दिसत नाही.

हवेचा सातबारा

जमिनीला सातबारा असतो आणि बांध असतो. आकाशलहरींना बांध घालता येत नाही. एकाच पट्ट्यावर दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर दोघांचेही बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून या लहरींचे वाटप कोणीतरी करावेच लागते, आणि वाटपाचा अधिकार आला म्हणजे त्यामागून मेहेरनजर, वशिला आणि दडपण हीही येतात. शिवाय टेलिफोनचे जाळे हा असा धंदा आहे, की जाळे जेवढे मोठे तेवढे त्याचे मोल अधिक. जुन्या, मोठ्या जाळ्याने नव्या, लहान जाळ्याला जोडणीच नाकारली, तर नवा उभा राहण्यापूर्वीच बसतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने लहरींची दुर्मिळता आणि जाळ्याची मक्तेदारी ही नियमनाची दोन मूळ कारणे होत.

अमेरिकेने हा धडा अनुभवातून घेतला. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर त्याच वर्षी तेथे रेडिओच्या परवान्यांचा कायदा झाला. परंतु १९२६ च्या सुमारास न्यायालयीन निर्णयाने परवाने देणाऱ्याचे हात बांधले गेले आणि हवेत एकच गोंगाट माजला. त्यातून १९२७ साली रेडिओ आयोग आणि १९३४ साली रेडिओ, टेलिफोन व तार यांना एका छत्राखाली आणणारा संघीय संचार आयोग निर्माण झाला. त्याचे आजचे पाच सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट त्यांना संमती देते, आणि एकाच पक्षाचे तीनाहून अधिक सदस्य असू शकत नाहीत. पक्षीय राजकारण टाळता येत नाही, तर निदान त्याचे माप ठरवून ठेवावे, हा त्यातील व्यवहारी विचार होय.

ब्रिटनमध्ये फोनचा नियामक वेगळा, खासगी दूरचित्रवाणीचा वेगळा, रेडिओचा वेगळा, अशी विभागणी बराच काळ होती. २००३ च्या कायद्याने अशा पाच संस्था मोडून ‘ऑफकॉम’ ही एकच संस्था करण्यात आली. २०१७ पासून बीबीसीसारखी सार्वजनिक संस्थाही बाह्य नियमनासाठी तिच्याच कक्षेत आली. कॅनडाने १९६८ साली प्रसारणासाठी नेमलेल्या आयोगाकडे १९७६ साली दूरसंचारही सोपविले. जर्मनीचे उदाहरण आपल्यासारख्या संघराज्याला विशेष विचार करावयास लावणारे आहे. नाझी राजवटीने रेडिओचा केलेला उपयोग ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्यांनी युद्धानंतर प्रसारण मध्यवर्ती सरकारच्या हाती ठेवलेच नाही. खासगी वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्या चौदा संस्था तेथे घटक राज्यांच्या पातळीवर काम करतात.

या सर्वांहून बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. वर्णद्वेषी राजवट संपत असताना, १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच, १९९३ साली तेथे प्रसारणासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. निवडणूक कोणीही जिंको, रेडिओची किल्ली जिंकणाऱ्याच्या खिशात जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९९६ च्या राज्यघटनेच्या १९२ व्या कलमात अशा स्वतंत्र संस्थेची तरतूदच करण्यात आली, आणि २००० साली दूरसंचार व प्रसारण यांचे नियामक एकत्र झाले. शेजारच्या श्रीलंकेत १९९७ साली सरकारने प्रसारण प्राधिकरणाचे विधेयक आणले, तेव्हा ते प्राधिकरण सरकारपासून पुरेसे स्वतंत्र नाही, या कारणासाठी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. नाव ‘स्वतंत्र प्राधिकरण’ ठेवले म्हणून संस्था स्वतंत्र होत नाही, हे त्या न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले.

एका क्रिकेट स्पर्धेचा निकाल

या प्रश्नाचा भारतातील आरंभ एका क्रिकेट स्पर्धेपासून झाला. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषक स्पर्धा भरविली आणि तिच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी संस्थेस दिले. दूरदर्शनने आक्षेप घेतला. १८८५ च्या भारतीय तार कायद्यानुसार तारायंत्राचा, आणि पर्यायाने प्रक्षेपणाचा, एकाधिकार सरकारचा आहे, ही त्यांची भूमिका. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी परदेशी उपकरणे अडविली, आणि प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिले ते मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. न्यायमूर्ती एस. मोहन यांचे त्याच्याशी एकमत होते आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांनी स्वतंत्र, परंतु सहमतीचे निकालपत्र दिले. निकालाचा गाभा असा, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची खासगी मिळकत नाही आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याचीही नाही. त्यांच्या वापरावर नियंत्रण हवे, पण ते समाजातील सर्व घटकांचे व हितसंबंधांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाचे असावे, आणि केंद्र सरकारने असे प्राधिकरण स्थापण्यासाठी तातडीने पावले उचलावीत. सरकारी मक्तेदारी आणि खासगी मक्तेदारी या दोन्हींपासून नागरिकाचे ऐकण्याचे व बोलण्याचे स्वातंत्र्य वाचविण्याचा हा मार्ग होता.

‘तातडीने’ या शब्दास आता तीन दशके उलटून गेली आहेत. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः संसार करीत आहेत. प्राधिकरण मात्र जन्मास आलेले नाही.

अर्धे काम

अर्धे काम झाले, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. १९९७ च्या कायद्याने २० फेब्रुवारी १९९७ रोजी ट्रायची स्थापना झाली. त्यापूर्वी दूरसंचार विभाग स्वतःच धोरण आखी, स्वतःच परवाने देई आणि देशाच्या बहुतेक भागांत स्वतःच टेलिफोन चालवी. मुंबई आणि दिल्ली ही शहरे १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमकडे होती, आणि तो निगमही सरकारचाच होता. खेळाडू, पंच आणि मैदानाचा मालक एकच असल्यावर सामन्याचा निकाल काय लागणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

नव्या पंचाने शिट्टी वाजविण्यास आरंभ केला, तेव्हा मैदानाच्या मालकाला ते रुचले नाही. प्राधिकरणाच्या अधिकारांविषयीचे वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २००० मध्ये वटहुकूम निघाला, तंटे सोडविण्याचे काम नव्या अपील न्यायाधिकरणाकडे गेले, प्राधिकरणाची पुनर्रचना झाली आणि न्यायमूर्ती एस. एस. सोधी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्राधिकरणाचा कारभार तेथेच संपला. काम वाटून देणे योग्य होते, आणि पुढे त्याचा लाभही झाला. परंतु नियामकाला वटहुकमाने उठविता येते, हा धडाही त्याच दिवशी गिरविला गेला, आणि असे धडे संस्था सहसा विसरत नाहीत.

एवढे असूनही ट्रायचे ऋण मोठे आहे. १९९५ साली मोबाइल आला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. २००३ पासून फोन करणाऱ्याने पैसे द्यावयाचे ही पद्धत आली आणि येणारे फोन मोफत झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने, कोणत्या संकेतस्थळास जावयाचे आहे यावरून इंटरनेटच्या दरात भेदभाव करण्यास बंदी केली. नव्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांहून अधिक काळ मोठ्या प्रमाणावर सेवा बंद पडली, तर ग्राहकाला बिलात सूट अथवा मुदतवाढ देण्याचे बंधनही कंपन्यांवर आले आहे. ‘जिल्हा’ हे एकक नियमांत आले ही लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्र व गोवा मिळून एकच परिमंडळ धरावयाचे, तर त्याच्या सरासरीत अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांचा मुका पडलेला फोन कोठेच दिसत नाही.

पण या संस्थेचे हात कोठे थांबतात, तेही पाहिले पाहिजे. दर आणि सेवेचा दर्जा यांविषयी ती आदेश देऊ शकते. परवाना कोणाला, किती आणि कसा, याविषयी ती केवळ शिफारस करते. परवान्यांचा कारभार सरकारी खात्यात राहिल्याने काय होते, हे २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने एका दमात रद्द केले तेव्हा देशाने पाहिले. संभाषण मध्येच तुटल्यास ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई देण्याचा ट्रायचा नियम मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी म्हणून रद्द केला, आणि त्याच वेळी नियम करताना अधिक पारदर्शक पद्धत असावी असे सुचविले. म्हणजे स्वातंत्र्य आणि जबाबदारी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. नियामकाने सरकारपासून दूर राहावे, परंतु कारणे देण्याच्या कर्तव्यापासून दूर जाऊ नये.

उरलेले अर्धे

आता दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. टेलिफोनला निदान एक पंच मिळाला. रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांना तोही पुरता मिळाला नाही. १९९५ च्या केबल कायद्याने केबलचालकांची नोंदणी आली, आणि अनेक वर्षे ती मुख्य टपाल कार्यालयात होत असे. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली संमत होऊन १९९७ साली अमलात आला, परंतु प्रसारभारती ही आकाशवाणी व दूरदर्शन चालविणारी संस्था आहे. ती इतरांची नियामक नव्हे. १९९७ चे प्रसारण विधेयक, २००१ चे संचार अभिसरण विधेयक आणि त्यानंतरचे मसुदे एकामागून एक कागदावरच राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक मसुदा लोकांपुढे ठेवण्यात आला, २०२४ मध्ये त्याची सुधारलेली प्रत निवडक मंडळींकडे फिरली, आणि ओरड होताच ती परत घेण्यात आली. ज्या कायद्याचा विषयच सार्वजनिक संवाद हा आहे, त्याचा मसुदा निवडकांत फिरावा, यापेक्षा मोठा विनोद कोणता?

मधल्या काळात ९ जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने केबल व प्रसारण सेवा ट्रायच्या कक्षेत घालण्यात आल्या. कायमची व्यवस्था होईपर्यंतची ही सोय होती. आपल्याकडे तात्पुरती सोय हीच सर्वांत टिकाऊ ठरते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्यांना सांगावयास नको. या सोयीतून वर्गणीच्या दरांचे नियमन आले. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ग्राहकाने हव्या त्या वाहिन्या निवडाव्यात, पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी करांशिवाय १३० रुपयांहून अधिक आकार असू नये, अशी पद्धत सुरू झाली. पुढील वर्षीच्या सुधारित आदेशास प्रसारकांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जून २०२१ मध्ये न्यायालयाने एक अट वगळता तो आदेश वैध ठरविला. नंतर वाहिनीच्या किमतीवरील बंधन सैल झाले, आणि २०२४ मध्ये जोडणीच्या आकाराची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. दर वाढावेत की उतरावेत याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद होऊ शकतात. परंतु निदान हे सारे खुल्या सल्लामसलतीच्या कागदांतून, कारणे देऊन झाले. मसुदे बहुधा इंग्रजीत असतात आणि सावेडीच्या ग्राहकापर्यंत पोहोचत नाहीत, हा त्यातील दोष खरा. पण दार तरी असते.

आशयाच्या बाबतीत मात्र दारच नाही. वाहिनीला परवानगी देणे, तिचे नूतनीकरण करणे अथवा ते नाकारणे हे आजही केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हाती आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘मीडियावन’ या मल्याळम वृत्तवाहिनीला सुरक्षेच्या कारणावरून नूतनीकरण नाकारण्यात आले, आणि ते कारणही तिला सांगण्यात आले नाही. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ५ एप्रिल २०२३ रोजी तो निर्णय रद्द केला. वाहिनी वाचली. पण ज्या मंत्रालयावर वृत्तवाहिनीने टीका करावयाची, त्याच मंत्रालयाकडे तिने परवान्यासाठी जावयाचे, ही व्यवस्था तशीच राहिली. अशा वेळी संपादकाला कोणी फोन करण्याचीही गरज पडत नाही. मुदत संपण्याचे वर्ष जवळ आले, की लेखणी आपोआप जपून चालू लागते.

इंटरनेटवरील मजकुराच्या बाबतीतही याच प्रश्नाने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २०२१ च्या नियमांतील डिजिटल माध्यमांसाठीच्या आचारसंहितेच्या काही भागास, पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकेसह आलेल्या आव्हानांनंतर, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने स्थगिती दिली. सरकारविषयीची कोणती बातमी खरी आणि कोणती खोटी हे सरकारी कक्षाने ठरवावे, या तरतुदीवर दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य असल्याचा कौल दिला. विषय निराळा दिसला, तरी सूत्र तेच. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होऊ नये.

पाणी येणार नाही, पण का?

हे सारे दिल्ली-मुंबईचे मोठे वाद आहेत, सावेडीला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सावेडीच्या स्वयंपाकघरातील रेडिओवरच आहे. नगर शहरात आकाशवाणीचे केंद्र आहे, खासगी एफ. एम. आहे आणि स्नेहालय संस्थेचा ‘रेडिओ नगर’ हा सामुदायिक रेडिओही आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला स्त्रियांनी चालविलेल्या ‘माणदेशी तरंग’ने २००८ पासून असाच प्रयोग केला. खासगी आणि सामुदायिक रेडिओला गाणी लावता येतात, मुलाखती घेता येतात, शेतीचा व आरोग्याचा सल्ला देता येतो. परंतु स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकविण्याची तेवढी मुभा आहे. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी व वीज यांविषयीच्या सूचना या ‘बातम्या’ समजल्या जात नाहीत, म्हणून त्या चालतात.

याचा अर्थ असा, की उद्या सावेडीत पाणी येणार नाही, हे रेडिओ सांगू शकतो. पाणी का येणार नाही, जलवाहिनीची दुरुस्ती कोणी लांबविली, नगरसेवकाचे म्हणणे काय आणि विरोधकांचे काय, हे तो बातमी म्हणून सांगू शकत नाही. तीच बातमी वर्तमानपत्र छापू शकते, दूरचित्रवाणी दाखवू शकते, मोबाइलवरून कोणीही, खरी-खोटी न पाहता, हजारो जणांना धाडू शकते. फक्त जे माध्यम सर्वांत स्वस्त, ज्याला अक्षरओळखही लागत नाही, त्याच्या तोंडाला कुलूप. वर्तमानपत्राला सरकारचा परवाना लागत नाही आणि रेडिओला लागतो, एवढ्याच फरकाचा हा परिणाम. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफ. एम. ला तासातून दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे शिफारस. कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते.

रेडिओवरून अफवा पसरतील, दंगे होतील, अशी भीती सरकारकडून व्यक्त होत आली आहे. ती अगदीच निराधार नाही. पण त्यावरील उपाय मुके करणे हा नव्हे. चूक करणाऱ्यास त्वरित, कारणे देऊन, सर्वांदेखत जाब विचारणारी संस्था उभारणे हा आहे. अशी संस्था नाही म्हणून बंदी, आणि बंदी आहे म्हणून संस्थेची निकड नाही, या चक्रात तीस वर्षे गेली.

दुसरा प्रश्न तक्रारीचा. फोनविषयी गाऱ्हाणे असले तर ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे व नंतर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावयाचे असते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचे दार २००९ च्या एका निकालामुळे बंद झाल्यासारखे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे उघडले. ही गोष्ट किती ग्राहकांना ठाऊक आहे? दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाविषयी तक्रार असली, तर २०२१ च्या नियमांनुसार प्रथम वाहिनीकडे, मग वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे आणि शेवटी मंत्रालयाने नेमलेल्या समितीकडे. म्हणजे पहिल्या पायरीवर धंदा, दुसऱ्या पायरीवर धंद्याची बिरादरी आणि तिसऱ्या पायरीवर सरकार. न्यायमूर्ती सावंत यांच्या निकालातील जनतेचे प्राधिकरण या तीन पायऱ्यांत कोठेच नाही.

पंच कसा असावा?

स्वतंत्र प्राधिकरण म्हणजे आणखी एक कचेरी, आणखी काही निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची सोय, असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच दाखवून दिले होते, की नियमन बहुधा ज्या धंद्याचे करावयाचे त्याच्याच हिताचे होऊन बसते. कुंपणाने शेत खाण्याचा धोका सर्वत्र असतो. पण कुंपण शेत खाते म्हणून कोणी शेत उघडे टाकीत नाही. कुंपण कशाचे घालावे, याचा विचार करतो.

तो विचार करण्यास जगातील अनुभव पुरेसा आहे. नेमणुका एकट्या सरकारने करू नयेत. संसदेतील विरोधी पक्ष आणि न्यायसंस्था यांचा त्यांत वाटा असावा. सदस्यांची मुदत निश्चित असावी आणि वटहुकमाने ती तोडता येऊ नये. निवृत्तीनंतर सरकारी पदाचे आमिष नसावे. ट्रायच्या कायद्यात अशी अट होती. मे २०१४ मध्ये एका माजी अध्यक्षांच्या पंतप्रधान कार्यालयातील नेमणुकीसाठी ती वटहुकमाने शिथिल करण्यात आली. नेमलेली व्यक्ती कितीही कर्तबगार असो, अशा वेळी बळी जातो तो नियमाचा. संस्थेचा खर्च मंत्रालयाच्या मर्जीवर नसावा. परवाने देण्याचा अधिकार शिफारशीपुरता न राहता प्रत्यक्ष असावा, आणि प्रत्येक निर्णय कारणांसह, सार्वजनिक सुनावणीनंतर व्हावा. ती सुनावणी मराठीतही व्हावी आणि जिल्ह्याच्या गावीही व्हावी. जर्मनी आपली चौदा मंडळे राज्यांत ठेवू शकते, तर महाराष्ट्रासारख्या राज्याला एखादे विभागीय पीठ मागणे हे अवाजवी नाही.

१८८५ चा तार कायदा जाऊन त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, आणि जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील शब्द गेले. लहरींवर सरकारची मालकी मानण्याची वृत्ती मात्र नव्या कागदावर तशीच उतरली आहे. कायदा बदलला तरी मालक कोण, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर १९९५ सालीच देऊन ठेवलेले आहे.

सावेडीतील कारकून वर्षाला तेरा वेळा रिचार्ज करतो, केबलची वर्गणी भरतो आणि या दोन्हींवरील करही भरतो. ज्या लहरींवरून हे सारे चालते, त्यांचा तो भाडेकरू नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्यांचा सहमालक ठरविले आहे. आपल्या मालमत्तेचा हिशेब मागण्यासाठी मालकाला कोणाच्या मेहेरबानीची गरज पडू नये. निवडणुकीच्या दिवसांत मते मागावयास येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, पाणी आणि गटार यांविषयी विचारले जाते, ते योग्यच आहे. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावयास हरकत नसावी : ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितलेले प्राधिकरण कधी स्थापणार?